सिकलसेल समजून घेण्यासाठी : तांबडी पेशी आणि शरीरातील इतर पेशी

गिरड, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यातील अनेक घरांत रक्ततपासणीचा एक कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’ अशी दोन अक्षरे लिहिलेली असतात. ‘सिकलसेल’ हा शब्द आपल्या भागात आता कोणाला नवा राहिलेला नाही. तथापि या शब्दातील ‘सेल’ म्हणजे पेशी ही काय वस्तू आहे, शरीरात नाना प्रकारच्या पेशी असताना हा आजार एकाच प्रकारच्या पेशीला का ग्रासतो, आईवडील धडधाकट असताना मूल आजारी का निघते, हे बहुतेक कुटुंबांना कोणी समजावून सांगितलेले नसते. ‘रक्त देल्लं का पोरगं कायमचं बरं होते न जी?’ हा नातेवाइकांचा प्रश्न तर वॉर्डात नित्याचाच. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते. परंतु ते ‘नाही’ का, हे कळल्याशिवाय त्या उत्तरावर विश्वास बसत नाही. रुग्णांचे आप्त, देणगीदार व विश्वस्त यांच्यासमोर ही सर्व हकीकत पेशीच्या रचनेपासून मांडावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान जिवंत घटक. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसली. त्याने त्यांना मठातील लहान खोल्यांचे नाव दिले. वस्तुतः ती मेलेल्या पेशींची रिकामी घरे होती. जिवंत पेशीच्या आत काय असते हे कळण्यास पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जावी लागली. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने पेशीतील केंद्रक ओळखले, १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी हे दोन्ही पेशींचेच बनलेले असल्याचे प्रतिपादन केले, आणि प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते हा विचार विर्खो या जर्मन वैद्याने १८५५ मध्ये ठामपणे मांडला. हा शेवटचा विचार रुग्णाच्या घराशी थेट संबंधित आहे. पेशीपासून पेशी जन्मते, म्हणूनच एका पिढीच्या पेशीतील लहानशी चूक दुसऱ्या पिढीत उतरते.

सर्वसाधारण प्राणीपेशीभोवती अतिशय पातळ असे पेशीपटल असते. आत काय येऊ द्यावे व बाहेर काय जाऊ द्यावे याचा विवेक त्याच्याकडे असतो. आत दाट, चिकट पेशीद्रव्य असते. त्यात तंतुकणिका असतात. त्या प्राणवायूच्या साहाय्याने अन्नापासून ऊर्जा काढतात. रायबोसोम नावाच्या सूक्ष्म कणांवर प्रथिने विणली जातात, आंतर्द्रव्यजालिका व गॉल्जी पिंड ती तयार करून योग्य ठिकाणी धाडतात, लयकारिका टाकाऊ द्रव्य पचवितात. आणि मध्यभागी केंद्रक. त्यात ४६ गुणसूत्रे असतात व त्यांत आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ अशी वाटणी असते. गुणसूत्रातील डीएनएचा धागा उलगडून सरळ केला तर एकाच पेशीत तो सुमारे २ मीटर भरेल. हीच शरीराची पोथी. कोणते प्रथिन कसे घडवायचे याची आज्ञा तिच्यात अक्षरशः लिहिलेली असते.

वनस्पतीच्या पेशीत याखेरीज काही गोष्टी अधिक असतात. पटलाबाहेर सेल्युलोजची टणक पेशीभित्तिका, सूर्यप्रकाशावर अन्न शिजविणारी हरितलवके आणि पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका. शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या मुलांना विटांच्या भिंतीसारखी ती रांग आठवत असेल. परंतु आपल्या भागातील वाचकांस वनस्पतीपेशी दाखविण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही. बोंडातून निघणाऱ्या कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी आहे. सरकीच्या बाह्य त्वचेवरील एक पेशी लांबत जाते, अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत पोहोचते, आणि या काळात आतून सेल्युलोजचे थरावर थर देत राहते. बोंड फुटेपर्यंत तिच्यातील केंद्रक, पेशीद्रव्य, सगळा संसार आटून गेलेला असतो व उरते ती केवळ भित्तिका. हिंगणघाटच्या ज्या कापसाचे नाव ब्रिटिश अमदानीत दूरवर पोहोचले होते, तो म्हणजे अशा कोट्यवधी रित्या पेशींचा ढीगच होय. आपला अंतर्भाग टाकून देऊन एकाच कामासाठी सज्ज झालेली पेशी, ही कल्पना वाचकांनी लक्षात ठेवावी. मानवी रक्तात तशीच एक पेशी आहे, आणि हा लेख तिच्याविषयीच आहे.

जीवाणूंची पेशी याहून निराळी. तिच्यात केंद्रकाला स्वतंत्र आवरण नसते, तंतुकणिका नसतात. भित्तिका मात्र असते व तिची घडण वनस्पतीच्या भित्तिकेपेक्षा वेगळी असते. पेनिसिलिन हे औषध जीवाणूची ही भित्तिकाच बांधू देत नाही. मानवी पेशीला भित्तिका नसल्याने त्या औषधाचा घाव तिच्यावर पडत नाही. सिकलसेलच्या लहान बालकांना पेनिसिलिन का देतात, याचा उलगडा पुढे होईल.

मानवी शरीरात, अलीकडच्या अंदाजानुसार, सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांचे दोनशेहून अधिक प्रकार मोजले जातात. या पेशींची तुलना करू लागलो की एकाच कुळातील या लेकी आहेत यावर विश्वास बसू नये, इतक्या त्या वेगळ्या. पाठीच्या कण्यातून पायाच्या पंजापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो, पण त्याची जाडी केसाहूनही कितीतरी कमी. हातापायाच्या स्नायूची पेशी अनेक पेशी एकत्र मिसळून बनते, त्यामुळे तिच्यात केंद्रके पुष्कळ असतात. यकृताची पेशी म्हणजे अहोरात्र चालणारा कारखाना. आंतर्द्रव्यजालिका व तंतुकणिका यांनी ती खच्चून भरलेली असते. स्त्रीबीज ही शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, मिलिमीटरचा दहावा भाग. तीक्ष्ण नजरेला ती टिंबासारखी दिसू शकते. शुक्रपेशीत मात्र केंद्रक, ते वाहून नेणारी शेपटी आणि शेपटीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका, एवढाच प्रपंच.

आकार व काम इतके भिन्न असले, तरी यकृत, मेंदू, स्नायू, त्वचा या सर्व पेशींच्या केंद्रकात पोथी तीच आहे. प्रत्येक पेशी तिच्यातील आपापला अध्याय उघडते व बाकीचे मिटून ठेवते. यकृताची पेशी पित्ताचा अध्याय वाचते, स्वादुपिंडातील विशिष्ट पेशी इन्सुलिनचा. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनचा अध्याय सर्वांजवळ आहे, परंतु तो वाचून त्याप्रमाणे काम करणारी पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गाभ्यात असते. या अध्यायात एका अक्षराची चूक असेल, तर ती चूक माणसाच्या प्रत्येक सकेंद्रक पेशीत असते. डोळ्यांत असते, मेंदूत असते, नखाच्या मुळाशीही असते. पण तेथे तो अध्याय मिटलेलाच राहत असल्याने त्या पेशींना तिची झळ थेट पोहोचत नाही. चूक सर्वत्र आणि बाधा एकाच पेशीला, हे सिकलसेलचे मर्म आहे.

आता रक्ताकडे वळू. रक्ताच्या एका थेंबात तीन प्रकार आढळतात. पांढऱ्या पेशी संख्येने थोड्या, एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,०००. त्यांतील रोगजंतूंना गिळणाऱ्या पेशींचे केंद्रक अनेक खंडांत विभागलेले असते, त्यामुळे त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीतील सांध्यांतून अंग चोरून बाहेर पडता येते. बिंबिका या पूर्ण पेशीही नव्हेत; अस्थिमज्जेतील एका प्रचंड पेशीचे ते तुकडे असतात आणि जखमेवर रक्त गोठविण्याच्या कामी येतात. तिसरी तांबडी पेशी. घनमिलिमीटरमध्ये ती ४५ ते ५० लाख असते. शरीरातील एकूण पेशींची नुसती गणती केली तर दर पाचांत चार तांबड्या पेशीच निघतील.

तांबडी पेशी अस्थिमज्जेतील मूलपेशीपासून सुमारे आठवडाभरात घडते. प्रारंभी तिला केंद्रक असते. ती हिमोग्लोबिनचा अध्याय उघडते, ते प्रथिन अविरत विणत राहते, आणि भांडार भरत आले की स्वतःचे केंद्रकच बाहेर टाकून देते. शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. मागोमाग तंतुकणिका जातात, रायबोसोम जातात. उरते ती दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली, ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची लवचीक चकती. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या चकतीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. कोंबडीच्या, बेडकाच्या, माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक शेवटपर्यंत राहते. सस्तन प्राण्यांनी मात्र ते टाकून देण्याचा मार्ग पत्करला आहे.

याचे लाभ मोठे आहेत. जागा मोकळी झाल्याने प्राणवायूचा अधिक साठा मावतो. तंतुकणिका नसल्याने पेशी आपण वाहून नेत असलेला प्राणवायू स्वतः वापरत नाही. जणू धान्याच्या पोत्याला हात न लावणारा प्रामाणिक गाडीवान. तिचा स्वतःचा निर्वाह थोड्याशा शर्करेवर होतो. आणि मध्ये टणक केंद्रक नसल्यामुळे ती वाकते, दुमडते, स्वतःहून अरुंद अशा केशवाहिन्यांतून घसरत जाते. प्लीहेतील, म्हणजे पानथरीतील, सुमारे १ मायक्रोमीटर रुंदीच्या फटींतूनही ती अंग काढून घेते. यासाठी तिने मोजलेली किंमतही तितकीच मोठी आहे. पोथी नाही, कारखाना नाही, म्हणून झीज भरून काढणे नाही. सुमारे १२० दिवसांत तिचे आयुष्य संपते. तेवढ्याच पेशी नव्याने घडविण्यासाठी अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी रक्तात सोडत असते.

अशा या पेशीत एका अक्षराची चूक काय करते ते पाहू. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, त्यांपैकी दोन बीटा साखळ्या. प्रत्येक बीटा साखळीत १४६ मणी, म्हणजे अमिनो आम्ले असतात. या साखळीची आज्ञा अकराव्या गुणसूत्रावर आहे. सिकलसेलमध्ये त्या आज्ञेतील एक अक्षर बदललेले असते व परिणामी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. ग्लुटामिक आम्लाला पाण्याशी सलोखा असतो. व्हॅलिन तेलकट स्वभावाचे, पाण्यापासून दूर पळणारे. या हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात. प्राणवायू जवळ आहे तोवर ‘एस’ निमूट असते. प्राणवायू सोडून दिला की रेणूचा आकार किंचित बदलतो, एका रेणूचे व्हॅलिन दुसऱ्या रेणूच्या खाचेत रुतते, दुसऱ्याचे तिसऱ्यात, आणि पाहता पाहता पेशीत ताठ काड्यांचे जुडगे तयार होते. त्या काड्या पटलाला आतून ताणतात. गोल, मऊ चकतीचा विळा होतो.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात गोल, गुळगुळीत खडे आढळतात व भाविक त्यांची कथा सांगतात. भूशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइट वर्गातील खनिजाचे गोळे होत. काळ्या पाषाणातील पोकळ्यांत पाण्यात विरघळलेली खनिजद्रव्ये हळूहळू घट्ट होत जाऊन असे गोळे बनतात. तांबड्या पेशीच्या पोकळीत घडते ते याच्याशी काहीसे मिळतेजुळते आहे; विरघळलेले द्रव्य तेथेही घनरूप धारण करते. भेद एवढाच की दगड पुन्हा विरघळत नाही, ‘एस’ मात्र फुप्फुसात प्राणवायू मिळताच पुन्हा विरघळते व पेशी पुन्हा गोल होते. अशी ताठरण्याची आणि सैलावण्याची आवर्तने वारंवार झाली की पटल जखमी होते आणि शेवटी पेशी कायमची विळ्याच्या आकाराची होऊन बसते.

या रचनेवरून रुग्णाची बहुतेक लक्षणे समजू शकतात. ताठ पेशी १२० दिवस टिकत नाही. ती १० ते २० दिवसांतच फुटते. अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने नवीन पेशी घडवीत असली तरी तूट भरत नाही, म्हणून रक्त कमी. फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यापासून पिवळे पित्तद्रव्य बनते, म्हणून डोळे पिवळे. हे पिवळे डोळे पाहून कित्येक कुटुंबे काविळीचे झाडपाल्याचे औषध देत राहतात आणि मोलाचे महिने हातचे जातात. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने देणे हेही योग्य नव्हे. येथे पेशी शरीरातच फुटत असल्याने तिच्यातील लोह बहुतांशी शरीरातच राहते. कमतरता तपासणीत दिसली तरच लोह द्यावे. नव्या पेशी घडविण्यास लागणारे फॉलिक आम्ल मात्र नियमित दिले जाते.

विळ्याच्या आकाराच्या पेशी केशवाहिन्यांत अडकतात, वाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींना चिकटतात, आणि पुढच्या भागाचा प्राणवायू तुटतो. येथे मघाशी पाहिलेली पेशीपेशींतील तुलना उपयोगी पडते. कोणत्या पेशीला प्राणवायूची किती भूक आहे, यावर हानी ठरते. हाडांत रक्तप्रवाह खुंटला की असह्य वेदना उठतात. सहा महिने ते दोन वर्षे या वयात बाळाच्या हातापायांची बोटे सुजतात, तेच पुष्कळदा पहिले लक्षण असते. मेंदूतील चेतापेशीजवळ प्राणवायूचा साठा मुळीच नसतो, ती काही मिनिटांत मरू लागते व पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून बालवयातही पक्षाघात होऊ शकतो. प्लीहेच्या अरुंद फटींत तर या पेशींची कोंडी ठरलेलीच. वारंवार कोंडी होऊन बऱ्याच मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, आणि रक्तातील काही जीवाणू, विशेषतः न्यूमोनियाचे, गाळून टाकणारी चाळणीच नाहीशी होते. पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस ही त्या हरवलेल्या चाळणीची भरपाई आहे. सिकलसेलच्या मुलाचा ताप रात्रभर घरी ठेवून पाहावा असा नसतो, तो याच कारणाने.

मूत्रपिंडाच्या आतील भागात प्राणवायू कमी व क्षार अधिक. तेथे विळे सहज बनतात, मूत्र घट्ट करण्याची शक्ती मंदावते, आणि मूल पुष्कळ लघवी करते. मोठे झाल्यावरही अंथरूण ओले होते म्हणून रागे भरली जाणारी अशी मुले आहेत. दोष मुलाचा नसून त्याच्या मूत्रपिंडाचा आहे, हे पालकांनी कृपया जाणावे. शिवाय पाणी कमी पडले की पेशीतील हिमोग्लोबिन अधिक दाट होते, आणि दाटपणा थोडासा वाढला तरी काड्या बनण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या दिवसांत अशा मुलाजवळ पाण्याची बाटली असणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. शाळेत त्याला पाण्यासाठी व लघवीसाठी उठू देणे हेही त्यातच आले.

ही पेशी वैद्यकशास्त्राने प्रथम नोंदविली ती अमेरिकेत. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका तरुण रुग्णाच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला. आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील लोकांमध्ये हा दोष असल्याचे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगासमोर आणले. आपल्या घरापासून काही तासांच्या अंतरावर हे संशोधन झाले, याचे स्मरण आपल्या जिल्ह्याने ठेवायला हवे. पुढे नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांच्या हक्कांसाठी दीर्घकाळ कार्य केले. २०१८ साली त्यांच्या नावे पद्मश्री जाहीर झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, हेही अनेक पात्र कुटुंबांना ठाऊक नसते.

हा दोष काही समाजांत अधिक का? देशातील निरनिराळ्या आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण १ ते ४० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. विदर्भात तो आदिवासींखेरीज इतर अनेक समाजांतही आहे. कारण हिवतापात दडले आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून वाढतो. एका बाजूने ‘एस’ लाभलेल्या व्यक्तीच्या पेशीत तो नीट वाढू शकत नाही, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. जेथे जीवघेणा हिवताप पिढ्यान्‌पिढ्या नांदला, तेथे वाहक मुले अधिक जगली, आणि त्यांच्याबरोबर ‘एस’ही. ज्याला आज आपण घराण्याचा कलंक समजून लपवितो, त्याने एके काळी त्याच घराण्याचा वंश राखला असावा.

आता त्या दोन अक्षरांचा अर्थ लावू. ‘एए’ म्हणजे दोन्ही बाजूंनी निर्दोष हिमोग्लोबिन. ‘एएस’ म्हणजे एका पालकाकडून निर्दोष व दुसऱ्याकडून ‘एस’, हा वाहक. त्याच्या पेशीत ‘ए’ निम्म्याहून अधिक असल्याने काड्यांची जुळणी मोडते व तो सर्वसामान्य आयुष्य जगतो. ‘एसएस’ म्हणजे दोन्हींकडून ‘एस’; हा रुग्ण. स्त्रीबीज व शुक्रपेशी तयार होताना ४६ गुणसूत्रांची जोडी फुटून प्रत्येकीच्या वाट्याला २३ येतात. त्यामुळे वाहक स्त्रीच्या निम्म्या बीजांत ‘ए’ व निम्म्यांत ‘एस’ असते. वाहक पुरुषाचेही तसेच. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण असण्याचा संभव चारांत एक, वाहक असण्याचा चारांत दोन, पूर्ण निर्दोष असण्याचा चारांत एक. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तिघं चांगली’ हा हिशेब चुकीचा आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो. आणि ‘एसएस’ मुलाला एक ‘एस’ आईने व एक वडिलांनी दिलेले असते, त्याविना ते ‘एसएस’ होऊच शकत नाही. सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्या घरांनी हे साधे गणित पाहावे, असे आम्हांस कळकळीने वाटते.

तपासणी दोन पायऱ्यांची. विद्राव्यता चाचणीत रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात टाकतात. ते गढूळ झाले तर ‘एस’ आहे. तो वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील तपासणीने ठरते. पहिल्या चाचणीत थॅलेसेमियाचा वाहक ओळखू येत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवावी; कारण एका बाजूने ‘एस’ व दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया आल्यासही मूल आजारी होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. एक विसंगती येथे नमूद करण्याजोगी आहे. जी तांबडी पेशी या आजाराने पिडलेली असते, तिच्यात केंद्रकच नसल्याने जनुकाची तपासणी तिच्यावर करता येत नाही. ती पांढऱ्या पेशींवर करावी लागते. दोन वाहकांच्या घरी गर्भारपण असेल, तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या अंकुरातील पेशी तपासून गर्भ ‘एसएस’ आहे काय ते सांगता येते. त्या पेशींनी जन्मात कधी हिमोग्लोबिन बनविलेले नसते, पण पोथी तीच असते.

उपचारांचेही कोडे याच रचनेने सुटते. दुसऱ्याचे रक्त दिले की निर्दोष पेशी मिळतात, परंतु त्या तीन-चार महिन्यांत संपतात आणि रुग्णाची अस्थिमज्जा आपल्या पोथीप्रमाणे पुन्हा ‘एस’च घडविते. शिवाय वारंवार रक्त दिल्यास लोह साठून यकृत व हृदय यांना अपाय होतो. म्हणून रक्त हा प्रसंगाचा आधार आहे, कायमचा इलाज नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेगळी वाट धरते. गर्भावस्थेत बाळाच्या पेशीत ‘एफ’ नावाचे निराळे हिमोग्लोबिन असते; ते ‘एस’च्या काड्यांत सामील होत नाही. जन्मानंतर तो अध्याय मिटत जातो, आणि म्हणूनच बाळ पहिले काही महिने ठीक असते. हे औषध ‘एफ’चा मिटलेला अध्याय काही अंशी पुन्हा उघडते, वेदनांचे झटके कमी करते. मात्र त्याचा परिणाम अस्थिमज्जेवर होत असल्याने ठराविक अंतराने रक्त तपासावेच लागते. बरे वाटले म्हणून गोळी सोडणे आणि तपासणी चुकविणे ही दोन्ही नुकसानीची.

मुळावर घाव घालायचा तर मूलपेशीच बदलली पाहिजे. जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाल्यास प्रत्यारोपणाने रुग्ण बरा होऊ शकतो. असे जुळणे सख्ख्या भावंडांत चारांत एकदा घडते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने व पाठोपाठ अमेरिकेने जनुकसंपादनाच्या पहिल्या उपचारास मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून, ‘एफ’चा अध्याय मिटविणारी खूणच कापून टाकतात व त्या पेशी परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. भारतातही या दिशेने संशोधन चालू आहे.

अशा उपचाराने बरा झालेला तरुण पुढे विवाहाला उभा राहील, तेव्हा एक गोष्ट त्याने व त्याच्या घरच्यांनी जाणून असावी. बदललेली असते ती केवळ अस्थिमज्जा. बीजपेशी पूर्वीच्याच असतात आणि त्यांतील प्रत्येकीत ‘एस’ असतेच. त्याच्या प्रत्येक अपत्याला एक ‘एस’ मिळणारच. दुसरे मिळेल की नाही, हे जोडीदाराच्या रक्ततपासणीवरून कळेल, आणि ती तपासणी साक्षगंधापूर्वी झालेली बरी.